थोरलीच्या म्हशीचा चीक

माझी थोरली जाऊ कराडची. तिच्या भावाने तिला मुऱ्हा म्हैस दिली आणि तेव्हापासून तिचं सगळंच मला खुपायला लागलं. मी मेढ्याकडची, डोंगरातली. माझ्या माहेरून भाताचं पोतं यायचं, ते दोन महिन्यांत संपायचं. म्हैस मात्र रोज दूध द्यायची, आणि रोज धार काढताना सासूबाई थोरलीच्या माहेराचं कौतुक करायच्या. ते ऐकताना माझी भाकरी हमखास करपायची.

म्हैस व्याली त्या दिवशी थोरली सासूबाईंना घेऊन कराडला लग्नाला गेली होती. पुरुषमाणसं उसात. सकाळी दहाच्या सुमाराला रेडी झाली, काळीभोर, कपाळावर पांढरा टिळा. मी थोरलीला फोन केला. ती म्हणाली, आधी रेडीला पोटभर चीक पाज, उरला तर वाट. मी हो म्हटलं.

पण चरवी भरली आणि माझं डोकं फिरलं. आमच्याकडे म्हैस व्याली की चीक शेजारीपाजारी जातो, आणि देणारीचं नाव होतं. हा मान कायम थोरलीचा. त्या दिवशी तो मी मिरवून घेतला. गल्लीत सात घरी तांब्या तांब्याने चीक दिला. एकजण म्हणाली, तुझा हात सढळ आहे हो. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. रेडीला तळाचा वाटीभर उरला. संध्याकाळच्या धारेला पाजू, असं मनाशी म्हटलं.

सहाव्या दिवशी रेडीचा पुढचा गुडघा सुजला. हात लावला तर चांगलाच तापलेला. शेजारचे म्हातारे तापल्या विळ्याने डाग द्या म्हणत होते, पण थोरलीने आष्ट्याहून जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी गुडघा चाचपला, ताप पाहिला आणि विचारलं, जन्मल्यावर हिला चीक पोटभर मिळाला होता का?

मी तोंड उघडायच्या आत थोरली म्हणाली, "व्हय की. माझी जाऊ हुती घरात, मला काय बघाय लागतंय?"

मी शेणाची पाटी उचलून बाहेर गेले. मग म्हशीचा पाय पडला असेल, असं म्हणून डॉक्टर सुजेचं इंजेक्शन देऊन निघून गेले. मी उकिरड्यापाशी त्यांची गाडी दिसेनाशी होईपर्यंत उभी होते.

दोन दिवसांनी मागचा सांधाही सुजला. रेडी उठेना. डॉक्टर पुन्हा आले तेव्हा मी त्यांना आणि थोरलीला सगळं सांगून टाकलं. डॉक्टर रागावले नाहीत, नुसतं समजावत राहिले. पहिल्या काही तासांत चीक पोटात गेला नाही तर रेडकाच्या अंगात रोगाशी झगडायची ताकदच येत नाही. नाळेतून शिरलेली घाण रक्तातून सांध्यात जाते, तिथून हाडात. हिच्या गुडघ्याच्या हाडातच पू झालाय. दोन दिवस आधी कळलं असतं तर तेव्हाच वेगळं औषध दिलं असतं, म्हणाले. त्यांनी सांधा धुतला, इंजेक्शनं सुरू केली. थोरली चार दिवस तिला मांडीवर घेऊन बाटलीने दूध पाजत होती. पाचव्या दिवशी सकाळी रेडी गेली.

सासूबाईंनी विचारलं, कशानं गेली? मी चुलीपुढे बसले होते. आता थोरली माझं नाव सांगणार, म्हणून मान खाली घातली.

"माझंच चुकलं, आत्याबाई," थोरली म्हणाली. "व्यायची येळ आली हुती. मी लग्नाला जायालाच नको हुतं."

सासूबाई तिला बोल बोल बोलल्या. तिने ऐकून घेतलं आणि म्हशीला वैरण टाकायला गेली. तिच्या जागी मी असते तर दुपारच्या आत गावभर केलं असतं. म्हैस काय, मलाही कधीतरी कुणी देईल. हे तिचं मन मी कुठून आणू? त्या दिवसापासून मला तिचा पहिल्यापेक्षा जास्त हेवा वाटतो.