आक्काचा कौल आणि हिंदी मालिकेतला इन्स्पेक्टर

आमच्या घराण्यात कौल लावल्याशिवाय लग्न ठरत नाही. देवीच्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. आक्काच्या पहिल्या लग्नाला उजवी पडली होती. भावजी चाळिशीच्या आतच गेले.

यंदा चिकोडीच्या एका रिटायर सरांचं स्थळ तिला मीच आणलं. विधुर, सज्जन, स्वतःचं घर. दिवाळीनंतर मुलगा त्यांना पुण्याला नेणार होता. आक्का हो म्हणाली तर ते थांबणार होते. मी रजिस्ट्रार ऑफिसची कागदपत्रं विचारून ठेवली, साक्षीदार ठरवले, जेवणाला किती माणसं तेही लिहिलं. कौल तेवढा राहिला होता.

निपाणीला आक्काकडे गेले, तर ती टीव्हीसमोर. खुनाचा तपास करणारी हिंदी मालिका. त्यातला विधुर इन्स्पेक्टर आणि लॅबमधली डॉक्टरीण यांचं जमावं म्हणून अर्धी गल्ली जीव टाकत होती.

"कौल कधी लावूया?" मी विचारलं.

"देवीनं एकदा उजवा दिल्ता. काय झालं? आता तिला न्हाय विचारत. ह्या दोघांचं जमलं तर माझंबी जमलं, जा."

"आक्का, ती मालिका आहे गं!"

"मग? लिहिणाऱ्याला माझं नाव म्हाईत न्हाय. त्यो तरी लबाडी करणार न्हाय. आणि सरांना ह्यातलं सांगितलंस तर माझी शपथ हाय."

मी मालिका बघायला लागले. चाहत्यांच्या ग्रुपमध्येही शिरले. तिथे रोज धुमाकूळ. "तिनं त्याला डबा दिला, बघितलासा?" खानापूरची एक बाई लिहायची. "मढं टेबलावर हाय आणि तुमचं डब्यावर ध्यान!" दुसरी टोमणा मारायची. दोघं भावाबहिणीसारखे आहेत म्हणणारा एक वेगळाच गट होता. त्यांच्याशी मी तावातावाने भांडले. मग सगळ्यांच्या वतीने चॅनेलला नीट मुद्दे घालून ईमेल लिहिला. ऑफिसात माझे अर्ज कधी परत येत नाहीत. इथे 'आपले मत मोलाचे आहे' एवढंच उत्तर आलं, तेही पाठवल्या क्षणी.

दरम्यान सरही मालिका बघू लागले. आक्काला आवडते म्हणूनच. एकदा त्यांनी फोनवर मला सांगितलं, "ताई, त्या दोघांचं लगीन लावलं की मालिका बसली म्हणून समजा. त्यांनी असंच ऱ्हावं."

मी त्यांच्या तब्येतीचं विचारलं आणि फोन ठेवला. शपथ होती.

दिवाळीच्या आठवड्यात इन्स्पेक्टरची बदली झाली. डॉक्टरीण दारापर्यंत आली, "काळजी घ्या" म्हणाली आणि परत मायक्रोस्कोपला डोळा लावून बसली. ग्रुपवर रडणं, शिव्या, मालिका बंद पाडायच्या गोष्टी. मी आक्काला फोन लावला.

"डावा पडला म्हणायचा का?"

"न्हाय गं. पाकळी चिकटून बसलीया."

सरांना मात्र थांबायला काही कारण उरलं नव्हतं. पुण्याला जाताना मुलाने गाडी निपाणीत आक्काच्या दारात थांबवली. मी सकाळच्या बसने मुद्दाम आले होते. चहा झाला, चिवडा झाला, इकडचं तिकडचं बोलणं झालं. गाडीत बसल्यावर सरांनी काच खाली केली.

"बदली रद्द होऊ नये बघा," ते आक्काला म्हणाले. "आता खरी मजा येणार."

"तुमाला तसं वाटतंय?" आक्काने विचारलं.

"व्हय तर. लई बरं केलं त्यांनी."

आक्काने पदर खांद्यावर ओढून घेतला आणि मान हलवली. एक वाक्य बोलायला वेळ होता; मुलगा अजून आरसा नीट करत होता. मी तोंड उघडलं. आक्काने माझ्या मनगटाला असं काही धरलं की बांगडी रुतली. काच वर गेली. सर आतून हात हलवत होते, म्हणून मीही हलवला.