दिव्याच्या पेटीवरचं कुंकू

“पूस ते,” पोलिंगचे साहेब म्हणाले. मी फडकं हातात घेऊन उभाच राहिलो. मतपेटीवर कुंकवाची बोटं ओढलेली, अजून ओली.

“चपराशी, कुंकू पुसलंस तर गावातून धड जाणार नाहीस,” रंगनाथराव माझ्या मागून बोलले.

हे देवगाव रंगारीतलं, पहिल्या इलेक्शनचं. हैदराबाद स्टेट अजून मोडलं नव्हतं. मी औरंगाबादेत कचेरीत चपराशी, पोलिंगच्या ड्युटीवर धाडलेला. बायांच्या बोटाला शाई लावायला बाईमाणूस पाहिजे होतं, म्हणून माझी बायको सारजा पण आली. रझाकारीत त्या भागात हिंदूंची घरं जळाली होती, पोलीस ॲक्शननंतर मुसलमानांची. दोन्हीकडं मयती. आता दोन्हीकडच्या बाया एका रांगेत उभ्या होत्या. बुरखेवाल्या तर लई दिवसांनी चौकाकडं आलेल्या.

तेव्हा आतासारखा शिक्का नव्हता. दर उमेदवाराची पेटी वेगळी, वर चित्र. पडद्याआड जायचं, आपल्या पेटीत कागद टाकायचा. आमच्याकडं दोनच पेट्या, झाड आणि दिवा. कुणा बाईला दिवा दिसला, तिनं सवयीनं कुंकू लावलं. तिच्या मनात काही नव्हतं. पण तिच्यामागून गेलेली बुरख्यातली म्हातारी कागद घेऊन तशीच बाहेर आली.

“अंदर पूजा करके रखे. मेरे कू नक्को.”

रांग हलली. दोघी-तिघी चालायला लागल्या. साहेबांनी दोन्ही एजंट आत घेतले. एजंट म्हणजे उमेदवाराच्या वतीनं बूथवर बसणारा माणूस. दिव्याचे रंगनाथराव, झाडाचे गफूरभाई.

गफूरभाई म्हणाले, “पेटीवर खूण चालत नाही साहेब. पुसा, नाहीतर आमच्या बाया मी घरी नेतो.”

“कुंकू पुसता?” रंगनाथराव म्हणाले. “बाहेर सांगू का लोकांना?”

“सांगा ना! तुमचं तेच काम.”

बाहेर माणसं गोळा झाली होती. काठ्या दिसत होत्या. पोलीस एकच, तोही दाराला पाठ लावून. साहेबांनी कागद गोळा करायला घेतले. “मी पोलिंग बंद करतो,” म्हणाले.

बंद झालं असतं तर त्या बुरखेवाल्या परत आल्या नसत्या. हे मला कळत होतं. हातातलं फडकं मात्र हलंना.

तेवढ्यात सारजा शाईची बाटली ठेवून आत आली. “पुसायचं कशाला? कुंकू घ्यायचं असतंय.” तिनं पेटीवरचं कुंकू बोटानं उचललं, कपाळाला लावलं, मंगळसूत्राला लावलं. उरलेलं पदराचं टोक ओलं करून टिपलं. पत्रा कोरा झाला. मग रंगनाथरावांपुढं उभी राहिली.

“दादासाहेब, तुमच्या दिव्याचं कुंकू माझ्या कपाळावर आहे. आता म्हणा काय म्हणायचं ते.”

रंगनाथरावांनी मिशीवरून हात फिरवला आणि बाहेर गेले. माणसांना म्हणाले, “काय नाय रे, व्हा मागं.”

गफूरभाई हसले. “भाबी, तुम्हारा मत किसकू?”

“ते पडद्याच्या आत.”

सारजानं म्हातारीला हाताला धरून पडद्यापर्यंत नेलं. म्हातारी पेट्यांकडं बघून आली, पुन्हा आत गेली, कागद टाकून आली. रांग जागेवर आली.

मग सारजा दारातच बसली. करंडा घेऊन आलेल्या बाईला म्हणायची, “पेटीला नाय, मला लाव.” सांजेला तिचं कपाळ सगळं लाल आणि बोटं शाईनं काळी. पेट्यांना सील लागलं. कोण निवडून आलं ते मला विचारू नका. बूथ बंद पडू नये, एवढं माझं काम होतं, आणि तेही तिनं केलं.

सारजा औंदा गेली. आळीतल्या बायांनी मळवट भरला, कपाळभर कुंकू. तसं कपाळ मी त्याआधी एकदाच बघितलं होतं.

शिकण्यासारखं इतकंच, की पेटी कोरी पाहिजे. मला एवढंच कळतं.