ओकांचं झाड

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही, नवऱ्यालाही नाही. गोष्ट तशी एका झाडाची आहे — आणि मी अशी का वागले असेन, याचं मला स्वतःलाच अजून कुतूहल वाटतं.

ऑस्ट्रेलियात येण्याआधी आम्ही अमेरिकेत होतो. तिथली पंचवीस सेंटची नाणी मी जमवली होती, प्रत्येकावर एकेका राज्याचं चिन्ह. इथल्या क्रेगीबर्न उपनगरातली आम्ही मराठी कुटुंबं रविवारी जमायचो, तेव्हा पोरांना मी त्या नाण्यांवरून अमेरिकेचा जुना इतिहास सांगायचे. मला गोष्ट रंगवायची हौस फार. पोरं मात्र चिप्स खात अर्ध्या कानाने ऐकायची. ते मला झोंबायचं.

एकदा कनेक्टिकटचं नाणं निघालं. त्यावर ओकचं झाड. इंग्रज राजाच्या माणसाने वसाहतीची सनद परत मागितली, तेव्हा लोकांनी ती म्हणे या झाडाच्या ढोलीत लपवली.

माझ्या मैत्रिणीची, स्नेहाची मुलगी एकदम सरसावून बसली. इरा ओक, इयर थ्रीमधली, म्हणजे तिसरीतली. "मावशी, इज दॅट अवर ओक?"

नाही म्हणायला काय लागत होतं? पण सगळी पोरं पहिल्यांदाच माझ्याकडे बघत होती — आणि मी म्हणाले, हो तर, तुझ्याच खापरपणजोबांनी लपवली ती सनद. गंमतच ना? मग हसून खरं सांगून टाकायचं होतं. नाही सांगितलं. तिचा चेहरा असा फुलला होता, की मला माझंच कौतुक वाटलं.

इराने ते शाळेत वर्गासमोर उभं राहून सांगितलं. वर्ग हसला. टीचरने स्नेहाच्या कानावर घातलं, आणि इरा आईला म्हणाली, मावशीने सांगितलं. स्नेहा तिला घेऊन थेट माझ्याकडे आली.

"छे गं," मी म्हणाले, "मी कशाला असं सांगेन?" किती सहज निघालं तोंडातून!

इराने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही — मोठी माणसं असंही करतात का, हे बघत असल्यासारखं. मग आईला म्हणाली, "आय मेड इट अप."

का म्हणाली असेल? तिला माझी कीव आली का? आता ती युनीत, म्हणजे युनिव्हर्सिटीत आहे, भेटली की छान बोलते. मी कधी विषय काढला नाही.

माझं नाव खोटं घेतलं म्हणून स्नेहाने तिला त्या दिवशी माझी माफी मागायला लावली. तिने मागितली. मी तिच्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाले, "नो वरीज."