मंगलला मी श्वासाकडे बघायला सांगितलं

"अपेंडिक्स फुटलंय. पेरिटोनायटिस झालाय," उल्हासनगरच्या हॉस्पिटलातले सिंधी डॉक्टर म्हणाले. म्हणजे आतड्याला लागून असलेली बोटभर पिशवी फुटून पोटभर पू पसरला होता. मग त्यांनी मला विचारलं, "दर्द कब से है?"

मी म्हणालो, "कालपासून. मी म्हणत होतो चल, पण ही ऐकेना."

दोन्ही खोटं होतं. दुखणं तीन दिवसांचं होतं आणि दवाखाना नको म्हणणारा मी होतो. मंगल, माझी बायको, तिथेच स्ट्रेचरवर पडून ऐकत होती. तिने डोळे मिटून घेतले.

ही नव्वदच्या आसपासची गोष्ट. आम्ही अंबरनाथ पश्चिमेला राहायचो, मी एका केमिकल कंपनीत होतो. वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतलेली, त्यामुळे घरात नवस नाही, उपास नाही. याचा मला भारी तोरा. त्यात दहा दिवसांचं विपश्यना शिबिर करून आलो होतो आणि दर रविवारी विहारात लोकांना ध्यानाला बसवत होतो. साहेब ओरडला, शेजाऱ्याशी वाजलं, झोप येत नाही, सगळ्यावर माझं एकच औषध: श्वासाकडे बघा, येतं ते जातं. शेजारच्या आक्कांनी नातवाच्या तापाला जांभूळ गावच्या भगताकडून अंगारा आणला, तेव्हा जिन्यात उभं करून मी त्यांना अर्धा तास विज्ञान शिकवलं होतं.

आणि मंगल पोट धरून बसली तेव्हा मी म्हणालो, "लगेच गोळ्या कशाला? वेदनेकडे नुसतं बघ."

पहिल्या दिवशी बेंबीपाशी दुखत होतं. दुसऱ्या दिवशी दुखणं उजवीकडे खाली सरकलं, उलट्या झाल्या, ताप आला. मी तिला भिंतीला टेकवून बसवलं आणि ड्युटीला गेलो. तुमच्या घरात असं झालं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. तिसऱ्या दिवशी सकाळी दुखणं एकदम कमी झालं. "बघ, गेलं की नाही?" मी म्हणालोसुद्धा. अपेंडिक्स फुटलं की थोडा वेळ असा आराम पडतो, हे मला नंतर कळलं.

दुपारी आक्का आल्या. त्यांनी मंगलच्या पोटाला हात लावला. "अरे, पोट किती कडक झालंय हिचं. तुझं ध्यान राहू दे, रिक्षा आण."

ऑपरेशन चालू असताना मी बाहेर बाकावर बसून श्वास बघायचा प्रयत्न केला. एक धड दिसला नाही. खोटं न बोलण्याचं शील दर रविवारी मीच सर्वांकडून म्हणवून घ्यायचो. आत जाऊन खरं सांगावं असं दहा वेळा वाटलं, पण मी जागचा हललो नाही.

पुढचे नऊ दिवस तिच्या पोटाला नळी होती. मी पेज भरवायचो, वेणी घालायचो, पण तिच्या डोळ्यांत बघायचं टाळायचो.

डिस्चार्जच्या दिवशी डॉक्टर तिला दटावू लागले, "भाभी, आगे से हसबंडचं ऐकायचं. जान जाणार होती." मंगल म्हणाली, "हो."

ते ऐकून मात्र मला राहवलं नाही. "डॉक्टर, ती तीन दिवस सांगत होती. मीच आणलं नाही. ध्यान कर म्हणालो." सगळा वॉर्ड आमच्याकडे बघत होता.

डॉक्टर माझ्याकडे वळून म्हणाले, "ध्यान मैं भी करता हूँ, भाई. पण पेशंटला पहले इधर आणायचं, मग बसायचं."

ध्यान मी सोडलं नाही. आजही रविवारी बसवतो, पण आधी प्रत्येकाला विचारतो, कुठे दुखतंखुपतंय का? दुखत असेल त्याला उठवतो आणि दवाखान्यात पाठवतो. डॉक्टर बोलले म्हणून नव्हे. घरी येताना रिक्षात मंगल जे बोलली त्यामुळे.

मी तिला म्हणालो होतो, "मी सगळं तुझ्यावर ढकललं. माझं चुकलं." वाटलं, आता ती रागावेल. रागावली असती तर बरं झालं असतं.

"त्याचं काही नाही हो," टाक्यांवर हात धरून ती म्हणाली. "पण मी तीन दिवस खरंच बघत होते, तुम्ही शिकवलं तसं. दुखणं जाईना, तेव्हा वाटलं, मलाच नीट जमत नाहीये."