उभं पीक

एका कॉम्प्युटर गेमवरून माझं आणि मावसभावाचं चांगलंच वाजलं होतं. मी वावर सोडून वाशिमात दुकान टाकलेला, तो रिसोडजवळ शेती करणारा. गेममध्ये एक मोठा मुलूख मिळतो. कुठे जायचं, काय करायचं, कोणी सांगत नाही. माझा त्यात जीव अडकलेला. भाऊ मात्र म्हणायचा, "भंगार गेम हाय. त्यात काईच होत नाई."

शेवटी चिडून मी त्याच्या घरी गेलो आणि कॉम्प्युटर लावायला सांगितला. पाहतो तर पठ्ठ्या अजून पहिल्याच गावात! तिथं वावर मिळालं म्हणून त्यानं गहू पेरला होता आणि रानडुकरं येतील म्हणून काठी घेऊन धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, उभा होता.

"अबे, पुढं डोंगर हायेत, राक्षस हायेत! तू इथं काहून थांबला?"

"उभं पीक सोडून कुठी जाऊ?" त्यानं मलाच विचारलं.

त्या गेममध्ये रानडुकरं नाहीतच, हे सांगायचं माझ्या जिवावर आलं.

परवा त्याचा फोन आला. गहू घरात आला होता आणि तो डोंगर चढून राह्यला होता. "लय भारी गेम हाय बे!"

मी तेव्हा अख्खा मुलूख पालथा घालून पहिल्या गावात परतलो होतो. हरभरा पेरून धुऱ्यावर बसलो होतो, उगवायची वाट पाहत.