परबकाकांचा हुकूम

मरोळच्या आमच्या सोसायटीतले परबकाका फौजेत वीस वर्षं कवायत शिकवून रिटायर झाले. मी आणि मुकुल जवानांची उमेद वाढवणारी रॅप गाणी करतो, हे कळल्यावर ते न विचारताच ग्रुपमध्ये घुसले. ताल त्यांना अजिबात कळत नाही, आवाज मात्र शेजारच्या बिल्डिंगपर्यंत जातो. घरात कुंदाकाकूंपुढे बोलता येत नाही, म्हणून सगळा जोर आमच्यावर.

परवा छावणीत आमचा कार्यक्रम होता; कुंदाकाकूही येऊन पहिल्या रांगेत बसल्या होत्या. तीन गाणी झाली, तरी शंभर जवान पाठ ताठ करून गप्प बसलेले. मुकुल पुटपुटला, "वाट लागली यार." काकांनी त्याच्या हातातला माइक ओढला आणि गरजले, "सगळे उभे राहा. नाचायला सुरुवात करा."

शंभर जण एकदम उठले आणि असे नाचले की मंडप हलला. काका खूश होऊन मागे चहाला गेले.

गाणं संपलं. मी स्पीकर बंद केला, वायरीसुद्धा गुंडाळल्या. जवान नाचतच होते. थांबायचा हुकूम द्यायला हा माणूस विसरला होता, आणि तिकडे तिसरा कप पीत होता.

शेवटी कुंदाकाकू खुर्चीतून न उठता म्हणाल्या, "पुरे आता."

दोनशे पाय जागच्या जागी थांबले. मागे काकांनीही कप खाली ठेवला.