शिट्ट्या मोजणारं यंत्र

आईला ऐकू कमी येतं हे घरात सगळ्यांना माहीत होतं, फक्त आईला मान्य नव्हतं. कानाच्या मशीनचं नाव काढलं की म्हणायची, "म्हाताऱ्या बायका लावतात ते." स्वतः अठ्ठ्याहत्तरची. मग एक दिवस कुकरच्या शिट्ट्या कुणी मोजल्या नाहीत, डाळीचा कोळसा झाला आणि धूर जिन्यापर्यंत गेला. मी घरातच होतो, पण कानात हेडफोन घालून माझ्या छंदाच्या इलेक्ट्रॉनिक बोर्डावर वाजणारी एक भिकार धून सुधारत बसलो होतो. ताईने नेऱ्याहून फोनवरच निकाल दिला: आईचा गॅस बंद, उद्यापासून डबा. आई त्या दिवशी जेवली नाही.

मी आईच्या मदतीला धावून गेलो. एरवी मी कळंबोलीच्या लोखंड बाजारात सळ्यांचे ट्रक रवाना करतो, पण रविवारी मी शास्त्रज्ञ असतो. बोटभर कंट्रोलर बोर्ड, मायक्रोफोन आणि लाल दिव्यांचं पॅनल एवढ्यावर आईचा गॅस वाचवतो म्हणालो आणि ताईकडून महिनाभराची मुदत मिळवली. यंत्र शिट्टी ओळखणार, आकडा दाखवणार, तिसऱ्या शिट्टीला लखलखणार. आईने फक्त बघायचं आणि गॅस बंद करायचा.

शहाण्या माणसाने आधी शिट्टी नीट ओळखता येते का ते पाहिलं असतं. मी आधी वाफ काढली. चौसष्ट दिव्यांत नाचणारा कुकर, त्यातून नागमोडी वर जाणारी वाफ, यात तीन रविवार गेले. शिट्टीला शेवटची संध्याकाळ उरली, तीही मी उदार मनाने दिली. आई चहा आणून काहीतरी विचारायची, मी पाठमोराच उत्तर द्यायचो. तिने "काय?" म्हटलं की ओरडायचो. बिचारीचे कान अगदीच गेले, असं मला वाटायचं.

परीक्षेला ताई जातीने आली. कुकर चढला, पहिली शिट्टी झाली, पॅनलवर एक आला. मी कॉलर ताठ केली. तेवढ्यात जिन्यात आमची नेहमीची मासेवाली ओरडली, "मावराऽऽ! ताजा मावरा हायऽऽ!" पॅनलवर दोन. ती दारात येऊन पुन्हा ओरडली. तीन, आणि लखलखाट. आईने पॅनलकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मुकाट्याने गॅस बंद केला. डाळ अर्थातच कच्ची.

"आईला ऐकू येत नाही आणि तुझ्या यंत्राला नको ते येतं," ताई म्हणाली.

"आयेला सगला कलतं," मासेवालीने टोपली खाली ठेवली. "मी समोर उबी राऊन बोलतंय. तुमी पाठ करून बोलतां, मंग तिला कसा कलनार?"

"मग त्या दिवशी शिट्ट्या कशा नाही कळल्या?" ताईने आईसमोर जाऊन विचारलं.

आईने पदराला हात पुसले. मग म्हणाली, "मी गच्चीवर होते, पापड घालायला. याला सांगून गेले होते, तीन झाल्या की बंद कर. हा हो म्हणाला होता."

"मग महिनाभर बोलली का नाहीस?"

"तू याचं सगळं सामान भंगारात दिलं असतंस."

ताई माझ्याकडे बघत राहिली. मी पॅनलकडे बघितलं, तिथे कुकर अजून नाचत होता. आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. माझी खेळणी वाचावीत म्हणून ती स्वतःची चूल जाऊ द्यायला तयार झाली होती, आणि मी तिच्यावर उपकार करत होतो.

गॅस आईकडेच राहिला. यंत्र माळ्यावर गेलं. आता गच्चीवर जायचं असलं की ती आधी माझे हेडफोन काढते, हनुवटी धरून माझं तोंड स्वतःकडे वळवते, आणि तीन बोटं दाखवून मोठ्याने सांगते, "तीन."